लाखांदूर : तळ्याच्या पाळीपासून नगरपंचायतीपर्यंत

भंडारा जिल्ह्याच्या नकाशावर नजर टाकली, तर अगदीं दक्षिणेच्या टोंकाला, वैनगंगेच्या डाव्या तीराकडील भाताच्या मुलुखांत लाखांदूर हें गांव सांपडतें. पश्चिमेला नदी ओलांडली कीं चंद्रपूर जिल्ह्यांतील ब्रह्मपुरीचा मुलूख लागतो. दक्षिणेला गडचिरोली जिल्ह्यांतील देसाईगंज, म्हणजे जुनें वडसा, आहे. आणि पूर्वेला गोंदिया जिल्ह्यांतील अर्जुनी-मोरगांव. एका तालुक्याच्या शिवेला दुसऱ्या तीन जिल्ह्यांच्या शिवा येऊन भिडाव्या, असा योग थोड्याच गांवांच्या वांट्याला येतो. राजधान्या, लढाया आणि तह यांच्या इतिहासांत लाखांदुराचें नांव सहसा येत नाहीं. परंतु राज्य कसें चालतें, निरनिराळ्या जातीजमातींचे लोक एका राज्यांत कसे सामावले जातात, आणि खेड्याचें नगर होतांना काय हातीं येतें व काय हातचें जातें, हे तीन प्रश्न ज्याला समजून घ्यावयाचे असतील, त्याला हा लहानसा प्रदेश एखाद्या मोठ्या राजधानीइतकेंच शिकवूं शकेल.

गेल्या तीन शतकांत या भूमीवरील सत्ता अनेकदां बदलली. गोंड राजे गेले, नागपूरकर भोसले आले. भोसले गेले, इंग्रज आले. पुढें मध्यप्रांत, मध्यप्रदेश, द्वैभाषिक मुंबई आणि महाराष्ट्र अशीं राज्याचीं नांवें एकामागून एक बदललीं. या प्रत्येक बदलाची द्वाही कोठें तरी दूर फिरली. गांवच्या शेतकऱ्याला तिचा अर्थ कळला, तो एकाच प्रश्नावरून: आतां तळ्याचें पाणी कोण सोडणार, आणि सारा कोणाला द्यावयाचा? या प्रश्नाच्या उत्तरांतच या भागाच्या राज्यकारभाराचा खरा इतिहास आहे.

लाखांदुराच्या शेजारींच, वैनगंगेच्या कांठीं, पवनी हें प्राचीन नगर आहे. तेथील जगन्नाथ टेकडीचें उत्खनन नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खातें यांनीं १९६९-७० मध्यें केलें, तेव्हां एका भव्य बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडांत आले. स्तूपाच्या दगडी कठड्याच्या भागांवर ब्राह्मी लिपींत दात्यांचीं नांवें कोरलेलीं आढळलीं. कोणी एक खांब दिला, कोणी एक शिला दिली, आणि अशा अनेकांच्या दानांतून तें काम उभें राहिलें. सार्वजनिक काम हें एका राजाच्या हातून नव्हे, तर पुष्कळांच्या वर्गणीनें आणि श्रमानें उभें राहतें, ही गोष्ट वैनगंगेच्या कांठाला दोन हजार वर्षांपूर्वींच ठाऊक होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मध्ययुगांत हा झाडीचा प्रदेश देवगड आणि चांदा या दोन गोंड राज्यांच्या प्रभावाखालीं होता. गोंड राजांपुढील अडचण मोठी विचित्र होती. जंगल अफाट, जमीन सुपीक, पाऊस भरपूर. परंतु वस्ती विरळ आणि पाऊस लहरी. भाताला पाणी लागतें तें नेमकें रोवणीच्या आणि दाणा भरण्याच्या वेळीं, आणि त्याच वेळीं पाऊस दडी मारतो. अशा मुलुखांत राज्य करावयाचें, तर सैन्यापेक्षां पाण्याचा बंदोबस्त अधिक महत्त्वाचा. परंपरा असें सांगते कीं, जो जंगल तोडील त्याला ती जमीन मिळेल, आणि जो तळें बांधील त्याला त्या तळ्याखालीं भिजणारी जमीन मिळेल, असें धोरण गोंड राजांनीं ठेविलें. या कामीं पुढें आली ती कोहळी जमात. कोहळी लोकांना गोंड राजानें काशीकडून आणविलें, अशी त्यांच्यांतील आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्यांच्या हातचें कौशल्य मात्र साकोली, लाखांदूर आणि अर्जुनीच्या पट्ट्यांत आजही उघड्या डोळ्यांनीं पाहतां येतें. नवेगांव बांधचा विस्तीर्ण जलाशय हा कोलू पाटील कोहळी याच्या नांवाशीं जोडलेला आहे.

या तळ्यांची रचना शहरी श्रोत्याला थोडी समजावून सांगणें अवश्य आहे. दोन उंचवट्यांमधील उताराच्या जागीं मातीची लांब पाळ घालावयाची. पाळीच्या पोटांत पाणी सोडण्याचें दार असतें, त्याला तुडूम म्हणतात. तळें भरून वाहूं लागलें, तर पाळ फुटूं नये म्हणून एका बाजूला जास्तीच्या पाण्याला वाट ठेवलेली असते, ती सलंग. तुडुमांतून निघालेलें पाणी एका बांधींतून दुसऱ्या बांधींत, म्हणजे बांध घातलेल्या एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत उतरत जातें. मोठ्या तळ्याखालीं लहान तळें, त्याच्याखालीं बोडी, आणि शेवटीं नाला, अशी ही एक उतरती माळ असते. वरच्या तळ्याची सलंग ही खालच्या तळ्याची भर असते. म्हणून वरच्या गांवानें पाणी अडवून धरलें, तर खालचें गांव कोरडें राहतें. शेतकऱ्याला पाणी हवें, ढिवराला मासळी हवी, कुंभाराला गाळाची माती हवी, गुराख्याला गुरांसाठीं कांठ हवा. तेव्हां तळें म्हटलें कीं पंचायत आलीच. कोहळी, गोंड, कुणबी, ढिवर आणि महार अशा निरनिराळ्या समाजांना एका नियमांत बांधणारी व्यवस्था येथें कोणत्याही सनदेपूर्वीं पाण्यानें घडविली. या व्यवस्थेंत सर्व समान होते, असें मात्र नाहीं. पाणी वांटून घेणाऱ्यांत मान आणि हक्क जातीप्रमाणेंच ठरत. शिवाशिव तळ्याच्या कांठींही होती. एकोपा होता, पण तो उतरंडीचा होता, हें विसरून चालणार नाहीं.

अठराव्या शतकाच्या मध्यांत नागपूरच्या भोसल्यांचा अंमल येथें बसला. मराठ्यांच्या कारभारांत पाटील हा गांवचा मुख्य. साऱ्याचा ठराव त्याच्याशीं होई, आणि पाटलानें गांव वसविणें व तळें राखणें हें त्याच्या हिताचेंच असे. कारण पीक नाहीं तर सारा नाहीं. १८१८ नंतर कांहीं वर्षें नागपूरचें राज्य इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या देखरेखीखालीं चाललें. त्याच काळांत वैनगंगा प्रांताचें ठाणें लांजीहून भंडाऱ्यास आलें. एका दूरच्या कचेरींतील हा निर्णय; परंतु भंडारा हें जिल्ह्याचें शहर होण्याचें बीज त्यांत होतें. शहर हें पुष्कळदां बाजारांतून जन्मतें, तसें तें कचेरींतूनही जन्मतें. ही गोष्ट पुढें लाखांदुराच्या बाबतींत फिरून पाहावयास मिळते.

१८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें. १८६१ मध्यें मध्यप्रांत हा नवा प्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या जमीन-बंदोबस्तांत इंग्रजांनीं एक दूरगामी गोष्ट केली. जो काल सारा गोळा करणारा पाटील किंवा मक्तेदार होता, त्याला त्यांनीं गांवचा मालक केलें, तोच मालगुजार. गांवची पडीत जमीन, जंगल आणि तळें हीं त्याच्या मालकीचीं झालीं. रयतेचे जुने वहिवाटीचे हक्क मात्र वाजिब-उल-अर्ज या नांवाच्या दस्तऐवजांत नोंदले गेले. तळ्याच्या पाण्यावर कोणाचा किती हक्क, जंगलांतील लाकूडफांटा कोणी किती न्यावा, गुरें कोठें चारावीं, हें त्यांत लिहिलेलें असे. जी गोष्ट लोकांच्या तोंडीं होती ती कागदावर आली, हा लाभ. परंतु जें सर्वांचें होतें तें एकाच्या मालकीचें झालें, ही हानि. चांगला मालगुजार असे तेथें तळीं वाढलीं, दुरुस्त राहिलीं. कठोर मालगुजार असे तेथें वेठीनें पाळी बांधल्या गेल्या. या तळ्यांना आजही लोक ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ म्हणतात. पूर्व विदर्भांतील अशा तळ्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे.

ही तऱ्हा केवळ हिंदुस्थानांतच चालली, असें नाहीं. पश्चिम आफ्रिकेंत, नायजेरियांत, लॉर्ड लुगार्ड यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं जी अप्रत्यक्ष राज्यपद्धति रूढ केली, तिचें मर्म हेंच होतें. स्थानिक सरदाराला हातीं धरावयाचें, त्याच्याकडून कर गोळा करवावयाचा, आणि त्याची सत्ता जुन्या रूढीहूनही बळकट करून ठेवावयाची. पूर्वीं सरदार लोकांना जबाबदार असे. नव्या व्यवस्थेंत तो साहेबाला जबाबदार झाला. गोल्ड कोस्टमध्येंही गांवोगांवच्या प्रमुखांच्या हातून कारभार चाले. १९५७ च्या ६ मार्चला तो देश घाना या नांवानें स्वतंत्र झाला, तेव्हां पहिलाच पेंच उभा राहिला तो हा कीं, अशांतीसारख्या जुन्या, अभिमानी राज्याला नव्या राष्ट्रांत कसें सामावून घ्यावें? अशांती प्रदेशांत १९५४ पासून संघराज्याची मागणी जोरांत होती. क्वामे एन्क्रुमा यांनीं ती नाकारून एककेंद्री राज्य उभारलें. विदर्भाच्या मालगुजाराची आणि घानाच्या गांवप्रमुखाची जात, भाषा, वेष सर्व निराळें. परंतु परक्या सत्तेनें मध्यस्थ बळकट केला कीं स्वातंत्र्यानंतर त्या मध्यस्थाचें काय करावयाचें, आणि त्याच्या जागीं कोणाला बसवावयाचें, हा प्रश्न दोन्ही ठिकाणीं सारखाच उरला.

मध्यप्रांतांत या प्रश्नाचें उत्तर देण्याचा प्रयत्न इंग्रजी अमदानींतच सुरू झाला होता. भंडारा आणि पवनी येथें १८६७ मध्यें नगरपालिका आल्या. १८८२ मध्यें लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि १८८३ च्या कायद्यानें मध्यप्रांतांत लोकल बोर्डें व डिस्ट्रिक्ट कौन्सिलें अस्तित्वांत आलीं. १९२० मध्यें त्यांचा कायदा सुधारला आणि ग्रामपंचायतींचाही कायदा झाला. परंतु या संस्थांत गांवच्या कुळाचा शिरकाव कितीसा होणार? मतदानाला मालमत्तेची अट असल्यामुळें खुर्च्यांवर बहुधा मालगुजार, वकील आणि व्यापारी हेच बसत. शाळा, रस्ते आणि दवाखाने यांना या संस्थांनीं हातभार लावला, हें खरें. पण तळ्याच्या पाण्याचा निवाडा त्यांच्या हातीं नव्हता. तो मालगुजाराच्या वाड्यांतच होत राहिला.

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारनें जो प्रयोग केला, तो आज बहुतेकांच्या विस्मरणांत गेला आहे. परंतु लाखांदुराच्या दृष्टीनें तोच सर्वांत विचार करण्याजोगा आहे. तत्कालीन मंत्री पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकारानें १९४८ मध्यें जनपद योजना अमलांत आली. जुनीं डिस्ट्रिक्ट कौन्सिलें आणि लोकल बोर्डें मोडून त्यांच्या जागीं प्रत्येक तहसिलीला एक जनपद सभा देण्यांत आली. भंडारा जिल्ह्यांत भंडारा, गोंदिया आणि साकोली या तीन तहसिली होत्या. लाखांदूर हें साकोली तहसिलींतलें. तेव्हां त्याचा कारभार साकोलीच्या जनपद सभेकडे आला.

या योजनेच्या मुळाशीं दोन कल्पना होत्या. पहिली अशी कीं, जिल्हा हा सामान्य माणसाला फार दूर आणि गांव हें फार लहान. म्हणून तहसील हाच स्वराज्याचा योग्य घटक. बैलगाडीनें सकाळीं निघून सायंकाळीं परत येतां येईल, इतक्या अंतरावर सरकार असावें, असा तिचा साधा अर्थ. दुसरी कल्पना अधिक धाडसाची होती. शहर आणि खेडें हीं दोन वेगळीं जगें नव्हेत; शहराचा बाजार खेड्यावर चालतो आणि खेड्याची शाळा, दवाखाना, न्यायकचेरी शहरांत असते; म्हणून दोघांचेही प्रतिनिधि एकाच सभेंत बसले पाहिजेत. त्याप्रमाणें जनपद सभेंत ग्रामीण मंडळांबरोबर शहरी मंडळांचेही सभासद असत.

कल्पना उत्तम, परंतु प्रयोग अर्ध्यावर राहिला. सभेला कामें पुष्कळ नेमून दिलीं होतीं, पण त्या मानानें पैसा फारच थोडा. सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी हा सरकारचाच अधिकारी. त्यामुळें लोकप्रतिनिधि ठराव करीत आणि हुकूम वरून येत. ज्या संस्थेला काम आहे पण थैली नाहीं, तिची सभा लवकरच तक्रारींची सभा होते. या दोषामुळें जनपद मागें पडलें. परंतु शहर आणि खेडें एकत्र बसविण्याची त्यांतील कल्पना चुकीची ठरली, असें मात्र कोणी सिद्ध केलें नाहीं.

याच सुमारास मालगुजारीचा शेवट झाला. मध्यप्रदेश विधानसभेनें १९५० मध्यें केलेल्या कायद्यानें ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे मालकी हक्क संपुष्टांत आले. कुळाच्या डोक्यावरील एक जुनें ओझें उतरलें. परंतु त्या दिवशीं जमिनीबरोबर तळींही सरकारजमा झालीं. काल तळ्याला मालक होता, चांगला असो कीं वाईट. आज सरकार मालक झालें, आणि सरकार म्हणजे नेमकें कोण, हें कोणालाच सांगतां येईना. गाळ कोणी काढावयाचा? पाळीवरील झुडपें कोणी तोडावयाचीं? तुडूम गळूं लागलें तर कोणाच्या दारीं जावयाचें? पुढें ठरलें तें असें कीं, शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारीं तळीं जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठीं पाटबंधारे खात्याकडे. शेतकरी म्हणे, पाण्याचा हक्क माझ्या आजोबापासून कागदावर नोंदलेला आहे, मी पाणीपट्टी कशाची द्यावी? खातें म्हणे, पट्टी नाहीं तर दुरुस्तीला पैसा नाहीं. दोघांचेंही म्हणणें आपापल्या परीनें खरें होतें. आणि दोघांच्या खरेपणांत तळें मात्र गाळानें भरत गेलें.

इकडे तळीं अशीं निराधार होत असतां तिकडे राज्याच्याच सीमा हालूं लागल्या होत्या. मध्यप्रांतांतील मराठी मुलूख वेगळा करून महाविदर्भ निर्माण करावा, असा ठराव प्रांतिक विधिमंडळांत १९३८ मध्यें संमत झाला होता. १९५३ मध्यें नागपूर करार झाला आणि विदर्भ महाराष्ट्रांत आल्यास त्याच्या विकासाची व नोकऱ्यांतील वांट्याची हमी देण्यांत आली. १९५४ मध्यें भंडारा मतदारसंघांत लोकसभेची पोटनिवडणूक झाली, तींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि पराभूत झाले. पुढच्याच वर्षीं त्यांनीं भाषावार राज्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत एक भाषा म्हणजे एकच राज्य असलें पाहिजे, हें मत त्यांनीं नाकारलें आणि मराठी मुलुखाचीं अनेक राज्यें सुचविलीं. १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगानेंही विदर्भ वेगळा ठेवावा, असेंच म्हटलें होतें. परंतु १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यांत आले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रांत.

या घटनेनें नागपूरचें राजधानीपद गेलें, याची चर्चा पुष्कळ झाली. लाखांदुरासारख्या गांवाच्या दृष्टीनें तिचा अर्थ साधा होता: सरकार एका दिवसांत दूर गेलें. कालपर्यंत अर्ज घेऊन नागपुरास जातां येत होतें, आतां मुंबई हजार किलोमीटरच्या घरांत. नागपूर कराराप्रमाणें विधिमंडळाचें एक अधिवेशन दरवर्षीं नागपुरास भरूं लागलें; १९८४ च्या दांडेकर समितीनें प्रादेशिक अनुशेष मोजून दाखविला; १९९४ मध्यें विदर्भासाठीं वैधानिक विकास मंडळ झालें आणि ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. या साऱ्यांतून एक धडा निघतो. भाषेनें माणसें जवळ येतात, परंतु पाणी, रस्ता आणि कचेरी यांचें अंतर भाषेनें भरून निघत नाहीं. एकात्मता ही भावना म्हणून जन्मते. ती टिकते मात्र हिशेबावर.

१ मे १९६२ ला महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि विदर्भांतील जनपद सभा इतिहासजमा झाल्या. वसंतराव नाईक समितीनें सुचविलेल्या या त्रिस्तरीय रचनेंत जिल्हा हाच बळकट घटक ठरला. शिक्षण, आरोग्य, शेती, बांधकाम अशीं खातीं लोकप्रतिनिधींच्या हातीं आलीं आणि त्यांना पैसाही मिळाला. जनपदापेक्षां हा निश्चित पुढचा टप्पा होता. परंतु नगरपालिकेची हद्द जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवली गेली. शहर एका कायद्याखालीं आणि खेडें दुसऱ्या, अशी जी रेघ १९४८ मध्यें पुसण्याचा प्रयत्न झाला होता, ती पुन्हां ठळक झाली.

त्यानंतर राज्यकारभार लोकांच्या जवळ नेण्यासाठीं प्रदेशाचे तुकडे लहान होत गेले. लाखांदूर साकोलींतून निघून स्वतंत्र तालुका झाला. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरांतून गडचिरोली जिल्हा निघाला. १ मे १९९९ ला भंडाऱ्यांतून गोंदिया निघाला. ज्या लाखांदुराचा शेजार पूर्वीं भंडारा आणि चांदा या दोनच जिल्ह्यांचा होता, तें आतां चार जिल्ह्यांच्या सांध्यावर आलें. तहसील कचेरी दाराशीं आली, हें सुख लहान नाहीं. पण दुसऱ्या बाजूनें, २००८ च्या मतदारसंघ-पुनर्रचनेंत लाखांदूर या नांवाचा विधानसभा मतदारसंघ नाहींसा होऊन साकोलींत मिळाला. कचेरी मिळाली आणि आमदारकी गेली. कारभार जवळ आला आणि आवाज वांटला गेला.

नकाशावरील या रेघा लोकांच्या मनावर मात्र उमटल्या नाहींत. याची साक्ष झाडीपट्टीची रंगभूमि देते. दिवाळीनंतर गांवोगांवीं मंडई भरते आणि रात्रभर नाटकें चालतात. नाटक मंडळ्यांचा मोठा अड्डा शेजारच्या वडशाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चारही जिल्ह्यांतून पाहुणे येतात. मुलींचीं लग्नें, सोयरिकी याच दिवसांत जुळतात. चारही जिल्ह्यांची बोली एक, धानाचें पीक एक, तळ्याची रीत एक. सरकारनें चार केले, तें लोकांनीं एकच राखलें.

आतां अखेरचें स्थित्यंतर. १९९३ मध्यें ७४ वी घटनादुरुस्ती अमलांत आली आणि खेड्यांतून शहराकडे संक्रमण करणाऱ्या वस्तीसाठीं नगरपंचायत हा घटनात्मक प्रकार निर्माण झाला. २०१४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करण्याचें धोरण स्वीकारलें, आणि त्यांतून लाखांदूर, लाखनी आणि मोहाडी हीं भंडारा जिल्ह्यांतील गांवें कायद्यानें नगरें झालीं. डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्यें लाखांदूर नगरपंचायतीची निवडणूक झाली. सतरा प्रभाग आणि सतरा नगरसेवक.

येथें भंडाऱ्याची दोनशे वर्षांपूर्वींची गोष्ट फिरून घडली. लाखांदूर हें गिरणीनें किंवा खाणीनें शहर झालें नाहीं. तालुक्याच्या कचेरीनें त्याला शहर केलें. नगरपंचायतीमुळें रस्ते, गटारें, दिवाबत्ती, पाणीपुरवठा यांसाठीं शहरी योजनांचा निधि मिळतो; वस्तीची आखणी करण्याचा अधिकार मिळतो. दवाखाना, महाविद्यालय आणि बाजार यांच्यासाठीं आसपासच्या गांवांतून जे लोक रोज येतात, त्यांनाही त्याचा लाभ होतो. हें सर्व मान्य केलेंच पाहिजे.

परंतु एक गोष्ट त्या दिवशीं गेली, ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामपंचायतींत प्रत्येक प्रौढ मतदार हा ग्रामसभेचा सभासद असतो. उठून हिशेब विचारण्याचा हक्क त्याला कायद्यानें असतो. नगरपंचायतींत तो हक्क प्रभागाच्या एका प्रतिनिधीकडे जातो आणि मतदार पांच वर्षांतून एकदां बोलतो. शिवाय नगराची हद्द जेथें संपते, तेथें तळ्याचें पाणी थांबत नाहीं. पाळ एका कार्यालयाकडे, पाणी दुसऱ्याकडे, खालच्या बांध्या तिसऱ्याकडे आणि कांठावर वाढणारी वस्ती चौथ्याकडे, अशी वांटणी झाली, तर गाळ काढण्याचा खर्च कोणीच आपला मानीत नाहीं, आणि तळ्याच्या पोटांत घरें उभीं राहूं लागतात तेव्हां तीं कोणालाच दिसत नाहींत. नगर वाढतें आणि खालच्या गांवाचें भात वाळतें.

घानानेंही १९८८ पासून जिल्हा सभा निर्माण करून सत्ता खालीं नेण्याचा मार्ग धरला आहे. तेथेंही सभेच्या कांहीं सभासदांची नेमणूक आणि प्रमुख कार्यकारी अधिकाऱ्याची निवड राष्ट्राध्यक्षाकडूनच होते, आणि म्हणून सभा लोकांची कीं सरकारची, हा वाद तेथेंही चालतो. साकोलीच्या जनपद सभेनें तोच अनुभव त्यापूर्वीं चाळीस वर्षें घेतला होता. दूरचे देश आणि जवळचे तालुके एकमेकांना अशा रीतीनें ओळख देतात.

लाखांदुराच्या इतिहासाचें तात्पर्य असें कीं, येथें जी जी सत्ता पाण्याच्या जवळ राहिली ती टिकली, आणि जी जी त्यापासून दूर गेली तिचा अंमल कागदावर उरला. गोंड राजांचें धोरण टिकलें, कारण तळें बांधणाऱ्याला तळ्याचा लाभ होता. मालगुजारी मोडली, कारण लाभ एकाचा आणि घाम दुसऱ्याचा झाला. जनपद कोसळलें, कारण त्याला जबाबदारी होती पण साधनें नव्हतीं. आतां नगरपंचायतीची पाळी आहे. तिला जुन्या उतरंडीची आठवण काढण्याचें कारण नाहीं. ज्याला पूर्वीं पाळीवर उभें राहण्याचा मान नव्हता, तो आज मतानें तिचा मालक आहे, ही मोठीच मिळकत आहे. परंतु जनपदानें अर्धवट सोडलेलें काम तिच्यापुढें आहे: नगर आणि भोंवतालचीं खेडीं यांनीं वर्षांतून निदान एकदां, पावसाळ्यापूर्वीं, एका बैठकीला बसून पाण्याचा हिशेब करावा. त्याला नवा कायदा लागत नाहीं, फक्त बोलावणें लागतें. वरच्या तळ्याची सलंग खालच्या तळ्यांत पडते, हा नियम राजांनीं केलेला नव्हता. म्हणून तो कोणत्याही राज्याबरोबर रद्दही झालेला नाहीं.